बिघडलेला फोटो डिलीट करण्याआधी

प्रश्न : मे महिन्यात यजमानांच्या मित्राकडून वापरलेला कॅनन १५००डी कॅमेरा घेतला. सोबत १८-५५ची लेन्स आहे. घरी चार वर्षांची मुलगी, एका जागी बसत नाही. संध्याकाळी घरात काढलेले तिचे फोटो हललेले आणि पिवळे येतात. बाहेर गेलं की एक तर आभाळ पांढरंफटक नाहीतर माणसं काळी. ‘यापेक्षा मोबाइल बरा होता,’ असं घरचे ऐकवतात. दीर म्हणतात, मॅन्युअल मोड शीक. एका ग्रुपवर सांगितलं, लेन्सच बदला. गणपतीत सगळे आमच्याकडे जमतात, तोवर बरे फोटो यावेत एवढंच वाटतं. नेमकं काय चुकतंय आणि काय विकत घ्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई,

आत्ता काहीही विकत घेऊ नका. मॅन्युअल मोडही (सगळे आकडे स्वतः ठरवायचा) गणपती होईपर्यंत बाजूला राहू द्या. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि लेन्स सुरुवातीला पुरून उरेल अशी आहे. ‘फोटो बिघडतात’ या एका तक्रारीत तुम्ही तीन-चार निरनिराळे बिघाड एकत्र केलेत, आणि प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे. म्हणून पहिली सवय ही लावा, की बिघडलेला फोटो तिथल्या तिथे डिलीट करायचा नाही. तो कॅमेऱ्यावर उघडा आणि डिस्प्लेचं बटण दोन-तीनदा दाबा. फोटोशेजारी आकडे दिसतील : शटर, म्हणजे सेकंदाच्या कितव्या भागात फोटो टिपला (१/३०, १/१२५ असा), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडलं (एफ ४, एफ ५.६; आकडा लहान तेवढं भोक मोठं) आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील केला. काय चुकलं ते बहुतेक वेळा या तीन आकड्यांतच लिहिलेलं असतं.

‘हललेला’ फोटो तीन कारणांनी हललेला दिसतो, आणि ती ओळखता येतात. फोटो मोठा करून मुलीकडे न पाहता तिच्या मागच्या भिंतीकडे पाहा. भिंतीवरच्या कॅलेंडरची अक्षरंही एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसत असतील, तर तुमचा हात हलला. कॅलेंडर स्वच्छ वाचता येतंय आणि मुलगीच पुसट आहे, तर ती हलली. आणि कॅलेंडर किंवा पुढ्यातलं खेळणं अगदी लखलखीत आहे पण मुलगी मऊसर, धूसर आहे, तर कोणीच हललेलं नाही. फोकस भलतीकडे गेला. तिन्हींना आपण ‘ब्लर’ म्हणतो, आणि सल्ला देणारा आपापल्या अनुभवातल्या ब्लरवरचा उपाय सांगून मोकळा होतो. तुमच्या ग्रुपवर बहुधा हेच झालंय.

हात हलण्यावर जुना ठोकताळा आहे. जितका झूम (लेन्सच्या कडेवरचे मिलिमीटरचे आकडे : १८ म्हणजे सगळ्यात रुंद, ५५ म्हणजे पूर्ण झूम), त्याच्या दीडपट ते पावणेदोनपट आकडा शटरच्या अपूर्णांकात खाली हवा. १८वर १/३० चालतं, ५५वर १/१०० हवं. लेन्सच्या कडेला स्टॅबिलायझरचं, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचं बटण आहे, ते ‘ऑन’ आहे ना ते बघा. वापरलेल्या लेन्सवर ते बंद करून ठेवलेलं असू शकतं. स्टॅबिलायझर चालू असेल तर स्थिर वस्तूसाठी याहून बरंच हळू शटर चालतं. खात्री करायची असेल तर भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवा, दोन मीटरवर उभ्या राहा आणि १/६०, १/३०, १/१५ असे प्रत्येकी पाच-पाच फोटो काढा. कुठल्या आकड्याला अक्षरं फाटायला लागतात तो तुमच्या हाताचा आकडा. प्रत्येकाचा निराळा असतो. कोपर अंगाला टेकवलं, डावा हात लेन्सखाली धरला आणि बटण खसकन न दाबता हळू दाबलं, की तो सुधारतो.

मूल हलण्यावर मात्र स्टॅबिलायझर काही करू शकत नाही. तो तुमचा हात सांभाळतो, मुलीला नाही. तिथे शटरचा वेगच लागतो. बसून चित्र काढणारं मूल १/१२५ला थांबतं, घरभर चालणारं १/२५०ला, उड्या मारणारं किंवा पळणारं १/५००ला. तुमचे संध्याकाळचे फोटो उघडून बघा, शटर १/२० किंवा १/३० दिसलं तर चोर सापडला.

मग कॅमेऱ्याने एवढं हळू शटर का निवडलं? कारण घरातला प्रकाश आपल्याला वाटतो त्याहून फारच कमी असतो. डोळे जुळवून घेतात, म्हणून कळत नाही. ट्यूबलाइट लावलेल्या साध्या हॉलमध्ये आयएसओ १६०० आणि एफ ४ ठेवलं तर जेमतेम १/६० मिळतं. त्यात तुम्ही झूम केलात की आणखी घोटाळा होतो. ही लेन्स १८वर एफ ३.५पर्यंत उघडते, पण ५५वर एफ ५.६च्या पुढे उघडतच नाही. म्हणजे नुसतं झूम केल्याने आत येणारा प्रकाश अडीच पटीने घटतो. तोच हॉल, तोच आयएसओ, आणि शटर १/३०वर. घरात झूम न करता दोन पावलं पुढे जा. फक्त चेहऱ्याच्या फार जवळ १८ने जाऊ नका, नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. २४ ते ३५च्या दरम्यान ठेवा.

आता सेटिंग. वरची डायल ‘टीव्ही’वर फिरवा. यात शटर तुम्ही ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघतो. शटर १/१२५ ठेवा. आयएसओ ऑटोवर, आणि मेन्यूत ऑटो आयएसओची कमाल मर्यादा विचारतात तिथे ३२०० निवडा. फारच अंधार असेल तर ६४००. फोटोत बारीक दाणे दिसतील. दिसू द्या. दाणेदार फोटो अल्बममध्ये जातो, हललेला जात नाही. ही आमची ठाम बाजू आहे. आयएसओ वाढवू नका, क्वालिटी जाते, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना १/२०ला पळणारं मूल काढून दाखवायला सांगा. बटण अर्धं दाबल्यावर अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला, तर समजा की आहे तो प्रकाश पुरत नाही आणि फोटो काळा येणार. मग शटर एक पायरी खाली आणा किंवा आणखी एक दिवा लावा.

फोकसचं तिसरं कारण. या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत आणि कुठला वापरायचा ते कॅमेऱ्यावर सोडलं, तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. मुलीने हात पुढे केला की फोकस हातावर. म्हणून एकच बिंदू निवडा, मधला. नऊंपैकी तोच सगळ्यात खात्रीचा आहे. तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून बीप ऐका, अर्धं दाबलेलंच ठेवून चौकट हवी तशी सरकवा आणि मग पूर्ण दाबा. मूल पळत असेल तर ‘वन शॉट’ऐवजी ‘एआय सर्व्हो’ निवडा. त्यात बीप होत नाही, फोकस मुलामागे जात राहतो. चौकट न सरकवता मधला बिंदू तिच्यावरच ठेवायचा. सलग फोटोंचा पर्यायही लावून ठेवा. हा कॅमेरा सेकंदाला तीनच काढतो, पण तिनातला एक बरा निघतो.

वापरलेल्या कॅमेऱ्याची आणखी एक गंमत असते. डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं, ते आधीच्या मालकाच्या डोळ्यांच्या नंबराप्रमाणे फिरवलेलं असू शकतं. मग तुम्हाला आतलं सगळंच धूसर दिसतं आणि कॅमेऱ्यात खोट आहे असं वाटतं. लेन्सचं टोपण काढून उजळ पांढऱ्या भिंतीकडे बघा आणि फोकसचे काळे बिंदू टोकदार दिसेपर्यंत चाक फिरवा. फोटोवर याचा परिणाम होत नाही, पण तुमचा अंदाज मात्र सुधारतो. आणि लेन्सच्या अगदी पुढ्यात काही धरू नका. ही लेन्स पाव मीटरच्या आतलं फोकस करत नाही.

पिवळा रंग

पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा असतो आणि पांढरी ट्यूबलाइट ६५०० केल्विनच्या आसपास. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. खिडकीतून येणारा उजेड तिसराच. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेरा रंग आपोआप जुळवतो त्याला, यातला एक रंग सांभाळता येतो, दोन नाही. तुमच्या हॉलमध्ये एका बाजूला ट्यूब आणि दुसरीकडे शोभेचा पिवळा दिवा असेल, तर मुलीचा एक गाल निळसर आणि दुसरा हळद लावल्यासारखा येणार, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट होत नाही. उपाय साधा आहे : एकाच रंगाचे दिवे लावा, बाकीचे बंद करा. सगळे पिवळेच दिवे असतील तर व्हाइट बॅलन्समध्ये बल्बचं चिन्ह निवडा. आणखी नेमकं हवं असेल तर त्याच उजेडात पांढऱ्या कागदाचा चौकट भरून फोटो काढा, मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडा आणि मग व्हाइट बॅलन्सच्या यादीत कस्टमचं चिन्ह लावा. जागा बदलली की हे सगळं परत ऑटोवर आणायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाहेरचे फोटो निळे येतील.

एक गोष्ट दिव्यांबद्दलच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे पुष्कळ ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/२५० किंवा १/५०० शटरला एक फोटो उजळ, दुसरा मंद, तिसऱ्यात आडवा काळा पट्टा असं दिसलं, तर कॅमेरा बिघडलेला नाही. अशा खोलीत १/१०० किंवा १/५०वर या, पट्टे जातात. मूल पळत असेल तर खिडकीपाशी न्या.

खिडकी हाच खरं तर तुमच्या घरातला सगळ्यात महागडा दिवा आहे आणि तो फुकट आहे. दिवसा, ऊन थेट आत येत नसेल अशी खिडकी निवडा. मुलीला खिडकीपासून मीटरभर अंतरावर, खिडकी तिच्या एका बाजूला किंचित पुढे येईल अशी बसवा. पाट, चित्रकलेची वही, रंग, काहीही द्या हातात. खोलीतले सगळे दिवे बंद. चेहऱ्याची दुसरी बाजू काळोखी वाटली तर त्या बाजूला पांढरी चादर खुर्चीवर टाका, तिच्यावरून उजेड परततो. खिडकीपासून फार लांब जाऊ नका. एकाऐवजी दोन मीटरवर बसवलं की उजेड निम्म्याहूनही कमी होतो आणि तुम्ही पुन्हा त्या १/३०च्या खोड्यात अडकता. आणि खिडकीकडे पाठ करून बसवलं तर चेहरा काळा येणार. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, ते पुढे सांगतो.

पांढरं आभाळ, काळी माणसं

कॅमेरा समोर काय आहे ते ओळखत नाही. समोरचा एकूण उजेड मोजतो आणि फोटो मध्यम राखाडी छटेच्या आसपास येईल असं बघतो. बहुतेक वेळा हे जमून जातं. चौकटीत पांढरं फार असलं की बिघडतं, काळं फार असलं तरी बिघडतं. पांढऱ्या टोप्या-सदऱ्यांतल्या वारकऱ्यांनी चौकट भरली, तर कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळ्यांना मळकट करून टाकतो. काळ्या पाषाणाची मूर्ती चौकट भरून घेतली, तर त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो काळ्याचं राखाडी करतो. म्हणून पांढऱ्याला उजेड अधिक करायचा, काळ्याला उणे. पण एक मेख आहे. गर्द झाडीपुढे एकटाच पांढऱ्या सदऱ्यातला माणूस उभा असेल तर हिशोब उलटतो. चौकटीत अंधार जास्त, कॅमेरा उजेड वाढवतो, आणि सदरा जळून निव्वळ पांढरा डाग होतो. तिथे उणे. म्हणजे माणसाचे कपडे बघायचे नाहीत, चौकटीत जास्त जागा कुणी व्यापली आहे ते बघायचं.

हे अधिक-उणे करायचं बटण कॅमेऱ्याच्या पाठीवर आहे, अधिक-उणेचं चिन्ह असलेलं. ते दाबून धरायचं आणि वरचं चाक फिरवायचं. पट्टीवरचा काटा हलतो. हे पी (सगळं कॅमेरा ठरवतो), टीव्ही आणि एव्ही (एफचा आकडा तुम्ही ठरवता) या तीन मोडमध्ये चालतं. आमच्या मते मॅन्युअल मोड शिकण्याआधी हे एक बटण बोटाखाली बसलं पाहिजे. मुलगी खिडकीपुढे किंवा आभाळापुढे उभी आहे? अधिक १पासून सुरू करा, दीडपर्यंत जा. चेहरा उजळेल, मागचं आभाळ पांढरं होईल. होऊ द्या, फोटो मुलीचा आहे. आभाळातले ढग हवेत? उणे १, आणि मग माणसं काळी होणार. दोन्ही एकदम हवं असेल तर कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चकती, उजेड-अंधारातली तेवढी तफावत एका फोटोत पेलत नाही. मोबाइल ते करतो, कारण तो एका बटणात भराभर अनेक फोटो घेऊन जोडतो, सावल्या उजळतो, कडा टोकदार करतो. घरच्यांना मोबाइलचे फोटो बरे वाटतात त्यामागे हेच आहे, आणि छोट्या पडद्यावर ते खरोखर बरे दिसतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अधिक-उणे वापरून झालं की काटा शून्यावर आणायला मात्र विसरू नका, नाहीतर पुढचा सगळा दिवस वाया.

तफावत मुळातच कमी करणं हा शहाण्यांचा मार्ग. जागा फिरवा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीमागून किंवा कडेने येईल. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपं असतं, चेहऱ्यावर डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडत नाहीत. भर दुपारी काढायचेच झाले तर पडवीच्या किंवा झाडाच्या सावलीच्या कडेला माणसं उभी करा, सावलीत पण तोंड उघड्या आभाळाकडे. अगदी आत, गर्द सावलीत नको. तिथे पानांमधून झिरपलेल्या उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर येतात.

पावसाळ्यातलं पांढरं आभाळ वेगळं. तिथे आभाळात टिपण्यासारखं काही नसतंच, ते फक्त एक मोठं झुंबर आहे. कॅमेरा थोडा खाली वळवा आणि आभाळ चौकटीबाहेर ठेवा. तुम्ही साताऱ्याच्या आहात म्हणून सांगतो, कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत लोक ऊन पडायची वाट बघत बसतात, आणि फुलांसाठी ढगाळ हवा कितीतरी चांगली. सावल्या काळ्या पडत नाहीत, तेरड्याचा गुलाबी रंग फाटत नाही. फुलांत न शिरता, कडेवरूनच गुडघ्यावर बसून, लेन्स ५५वर, एफ ५.६, फुलाच्या उंचीवरून. उभ्याने वरून काढलेला फुलांचा फोटो रांगोळीसारखा सपाट येतो. ओल्या पानांवर पांढरी चकाकी येत असेल तर सीपीएल फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची फिरती काच, ती कापतो. तुमच्या लेन्सला ५८ मिलिमीटरचा बसतो. पण तो प्रकाशही तिप्पट-चौपट खातो, तेव्हा घरात लावून ठेवू नका.

चौकट

चौकटीचे तीन भाग करा, विषय रेषेवर ठेवा वगैरे तुम्ही वाचलं असेल. ते ठीक आहे, पण त्याआधी मागचं बघा. बटण दाबायच्या आधी नजर एकदा चारही कडांवरून फिरवायची. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यातला अर्धा चप्पल-स्टँड, दोरीवरचे टॉवेल. मुलीला हलवायची गरज नसते, तुम्ही एक पाऊल डावीकडे झालात की खांब जातो. आणि खाली बसा. चार वर्षांच्या मुलाचे फोटो उभ्याने काढले की डोकं मोठं, पाय आखूड येतात, आणि सगळ्या फोटोंमागे फरशी.

लेन्सबद्दल

ग्रुपवर बहुधा ५० एमएम एफ १.८ सुचवली असेल. लेन्स उत्तम आहे, स्वस्त आहे, आणि ५५वरच्या एफ ५.६च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश घेते. ज्या हॉलमध्ये आत्ता १/३० मिळतं तिथे १/२५०च्या वर मिळेल. तरीही आत्ता नको म्हणतो, याची दोन कारणं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, त्यामुळे ५० एमएम त्यावर ८०सारखी अरुंद दिसते. उभा माणूस नखशिखांत मावायला सव्वाचार मीटर, म्हणजे १४ फूट मागे जावं लागतं. १० बाय १२च्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकाल. पाच जणांचा ग्रुप तर विसराच. दुसरं, एफ १.८वर दीड मीटरवरून काढलं तर स्पष्ट दिसणारी जागा फक्त सहा सेंटिमीटर खोल असते. जवळचा डोळा स्पष्ट आणि कान धूसर. आत्ता फोकस चुकतोय तो तिथे दसपट चुकेल. आहे त्या लेन्सवर डोळ्यावरचा फोकस दहापैकी आठ वेळा बसू लागला, की मग घ्या. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरायचा मोह होईल. त्याचा पल्ला आयएसओ १००ला साधारण ९ भागिले एफचा आकडा, एवढे मीटर. म्हणजे एफ ४वर सव्वादोन मीटर. पुढची रांग पांढरी, मागची काळोखात.

एक तपासणी मात्र आजच करा, कारण लेन्स वापरलेली आहे. लेन्स काढून तिच्यातून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार टाका आणि तिरकं बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावी लागेल. नसेल तर येऊ देऊ नका. सातारा-महाबळेश्वरकडचा पावसाळा लेन्सचा वैरी आहे. कॅमेरा चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा शोषून झाला. कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करून परत वापरा, ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र टाकलं तर उत्तम, ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं. एसी गाडीतून उतरून बाहेर कॅमेरा लगेच काढला तर काच धुरकट होते. बॅग बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. काच पदराने किंवा टिश्यूने पुसू नका. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, मग चष्म्याचं मऊ कापड.

आणि फोटो घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवले की ते दाबून लहान होतात आणि तुम्ही एवढे कष्टाने मिळवलेले तपशील गायब.

गणपती

मूर्ती हलत नाही, तेव्हा तिच्यासाठी मुलीची सेटिंग वापरू नका. डायल एव्हीवर, एफ ८, आयएसओ २००. शटर ट्यूबलाइटमध्ये साधारण अर्ध्या सेकंदाचं येईल. एवढ्यात हात हलणारच, म्हणून कॅमेरा स्टुलावर चार पुस्तकं रचून टेकवा, स्टॅबिलायझर बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्स ५५कडे, मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरच्या दिव्याने मुकुटाची सावली चेहऱ्यावर पडत असेल तर चौकटीच्या खाली, मूर्तीपुढे पांढरा ड्रॉइंग पेपर आडवा धरायला कुणाला तरी सांगा. मूर्तीच्या रंगाला आणि सोनेरी वर्खाला चकाकी असते, फ्लॅश लावला तर पोटावर पांढरा गोळा उमटतो. मखरातल्या रंग बदलणाऱ्या एलईडी माळा फोटोपुरत्या बंद करा. लाल आणि निळा उजेड थेट पडला की चेहऱ्याचे बारकावे जाऊन सपाट रंगाचा डाग राहतो.

सगळे जमल्यावरचा ग्रुप आरतीच्या आधी, दिवसा, अंगणात किंवा पडवीत काढून टाका. आरतीनंतर प्रसादाची घाई असते, कोणी थांबत नाही. दोन रांगा असतील तर एफ ८, शटर किमान १/१२५, फोकस पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसावर. दहा जण असले की कोणी ना कोणी डोळे मिटतंच, म्हणून सलग पाच-सहा काढा. हे फोटो परत मिळणार नाहीत, तेव्हा त्या दिवशी मेन्यूत रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल) आणि जेपेग (नेहमीची फाइल) दोन्ही लावा. जेपेग लगेच वाटायला, रॉ जपून ठेवायला. रॉ फाइल बरीच मोठी असते, कार्ड आदल्या रात्री रिकामं करून ठेवा आणि बॅटरी चार्ज करा.

आरतीत निरांजनाच्या उजेडात चेहरे सुंदर दिसतात, पण नुसत्या ज्योतीवर या लेन्सला आयएसओ ३२००लाही १/३० जेमतेम मिळतं. एक ट्यूब चालू राहू द्या, बाकीच्या बंद. टीव्ही मोड, १/६०, ऑटो आयएसओ ६४००पर्यंत, लेन्स १८ ते २४वर, अधिक-उणेचा काटा उणे दोन-तृतीयांशवर, म्हणजे ज्योत पांढरी फाटत नाही. टाळ्या वाजवणारे हात पुसट येतील, ते चालतं. फोकस तबकावर नको. तबक धरणाऱ्याच्या डोळ्यांवर, आणि तबक ओवाळताना वर येऊन क्षणभर थांबतं तेव्हा बटण दाबा. आदल्या संध्याकाळी मुलीच्या हातात निरांजन दिलंत तर भाजण्याची भीती, त्यापेक्षा यजमानांना ताट धरून उभं करा आणि हीच सेटिंग एकदा करून बघा.